कोर्ट नाक्याचं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान, आमदारसाहेबांच्या कामाचा अख्खा आठवडा इथे काढला

५ पैकी ४ स्टार. एक कापला कारण बसायला जागा नाय आणि दुपारी दीड ते अडीच शटर अर्ध्यावर असतं, त्या वेळात तुमचं काहीही पेटलेलं असो, काका डबा सोडून उठत नाहीत म्हणजे नाहीत.

दुकानाचं नाव देत नाहीये. काकांनीच सांगितलंय की लिहायचं तर लिही पण नाव टाकू नको, आहे तीच गर्दी आवरत नाय. तसंही बोर्डावरचं नाव निम्मं उडालंय, टायपिंग, झेरॉक्स, लॅमिनेशन एवढंच वाचता येतं. ठाण्यात कोर्ट नाक्याला कलेक्टर ऑफिसच्या आसपास अशी दुकानं ओळीने आहेत, त्यातलं ज्याच्या बाहेर लाकडी स्टुलावर मांजर झोपलेलं असतं ते.

मी कळव्याला राहतो, गाव जिल्ह्याच्या पूर्वेकडे. ग्रामीण भागातल्या एका आमदारांच्या ऑफिसात काम करतो. पीए नाही, पीएच्या हाताखाली जो असतो तो. नाव, पक्ष, मतदारसंघ काय विचारू नका, नोकरी आहे. तर झालं असं की आमचा कॉम्प्युटर ऑपरेटर स्वतःच्या लग्नाला पंधरा दिवस गेला, त्याच आठवड्यात ऑफिसच्या प्रिंटरने मान टाकली आणि अधिवेशन तोंडावर. साहेब म्हणाले ठाण्यातच कुठेतरी बसून उरक, तसंही निम्मी कागदं कलेक्टर कचेरीतच द्यायचीत. म्हणून सोमवार ते शुक्रवार रोज या दुकानात.

लोकांना वाटतं आमदार म्हणजे उद्घाटनं, लग्नं, दहावे आणि फ्लेक्स. ते असतंच, पण त्याच्या खाली कागदाचा ढीग असतो आणि तो कागद चुकीच्या टेबलावर गेला की सहा महिने गेले. हे मला सहा वर्षांत जेवढं कळलं नव्हतं तेवढं त्या दुकानात टाईप करणाऱ्या ताईंनी पाच दिवसांत शिकवलं. पन्नाशीच्या असतील, चष्मा कपाळावर, की-बोर्डकडे बघत पण नाहीत. कागद हातात घेतला की पहिला प्रश्न, "प्रति कोण?" दुसरा प्रश्न, "सही कोणाची?" बाकी मजकूर नंतर.

सोमवारी मी पाण्याचं पत्र घेऊन गेलो. साहेबांनी गाडीतून फोनवर सांगितलेलं, मी वहीत उतरवलेलं, घाटात रेंज गेली तिथे वाक्य तुटलेलं. एकाच पत्रात सगळं कोंबलं होतं, धरणाच्या पाण्यात गावांना वाटा द्या, जलजीवनची (केंद्राची घरोघरी नळाची योजना) टाकी अर्धवट आहे ती पूर्ण करा, बंधाऱ्याची गळती काढा, आणि वाडीवर टँकर चालू करा. वर 'प्रति, मा. पाणीपुरवठा मंत्री'. ताईंनी वाचलं, चष्मा खाली घेतला आणि म्हणाल्या, "दादा, ही चार पत्रं आहेत."

आणि बरोबर होतं हो. मोठ्या धरणातलं पाणी आरक्षण म्हणजे जलसंपदा विभाग. जलजीवन पाणीपुरवठा व स्वच्छता विभागाकडे, गावपातळीला जिल्हा परिषद. छोटा बंधारा मृद व जलसंधारणचा. टँकर महसूलचा, म्हणजे तहसीलदार, प्रांत, कलेक्टर. पाणी एकच, तेच एका ओढ्याचं, पण मंत्रालयात त्याचे चार मजले. एका पत्रात घातलं असतं तर पहिल्या विभागाने 'आमच्याशी संबंधित मुद्दा नाही' असं लिहून पुढे ढकललं असतं आणि आम्ही पोच घेऊन खूश. ताईंनी चार वेगळी पत्रं केली, प्रत्येकात संदर्भ वेगळा, शेवटी 'प्रत माहितीस्तव' कोणाकोणाला ते पण त्यांनीच घातलं. दर पानामागे ४० रुपये. वकिलाकडे गेलो असतो तर नुसतं दार उघडायचे ५०० घेतले असते.

पाण्याचं आमच्याकडचं दुखणं ठाणेकरांना सांगायला पाहिजे असं नेहमी वाटतं, विषय निघालाय तर सांगतो. शहापूर तालुक्यातलं तानसा धरण १८९२ चं, मुंबईसाठी बांधलेलं. मग मोडकसागर, मग भातसा, मग २०१४ ला मध्य वैतरणा. मुंबईला दिवसाला जे ३,८०० दशलक्ष लिटरच्या वर पाणी जातं त्यातलं निम्म्याच्या आसपास एकट्या भातसाचं. ठाणे महापालिका पण पिसेला भातसा नदीतूनच पाणी उचलते, म्हणजे कोर्ट नाक्यावर चहावाला जो चहा करतो तो बहुधा शहापूरच्या पाण्याचाच. आणि शहापूर-मुरबाडच्या डोंगरातल्या वाड्यांना फेब्रुवारी-मार्चपासून टँकर. पाऊस काय कमी पडतो असं नाय, अडीच हजार मिलिमीटर पडतो, पण खाली काळा कातळ, चार महिने धो धो आणि दिवाळीनंतर ओढे कोरडे. इगतपुरीकडच्या भावली धरणाचं पाणी शहापूरला उताराने आणायची योजना ऐकून ऐकून तर लोकांना ती नातेवाईकासारखी झालीय.

हे सगळं मी तिथे उभ्या उभ्या तावातावाने बोलत होतो आणि काका झेरॉक्स काढता काढता म्हणाले, "बोलून झालं असेल तर जोडपत्र द्या." असे काका आहेत.

मंगळवार पूर्ण टँकरमध्ये गेला. टंचाई आराखडा, म्हणजे कुठल्या गावा-वाडीला कधी पाणीटंचाई येणार आणि काय करायचं त्याची सरकारी यादी, तीन टप्प्यांत असतो, ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून. आमच्या एका वाडीचं नाव दुसऱ्या टप्प्यात यायला पाहिजे होतं, आलं नव्हतं. का नाय आलं तर ग्रामपंचायतीच्या ठरावात वाडीचं नाव एक, नकाशात दुसरं, आणि मागच्या वर्षीच्या टँकरच्या लॉगबुकात तिसरं. जागेवर तीच तीस घरं असलेली वाडी, कागदावर तीन वाड्या! तिन्ही कागद ताईंनी शेजारी शेजारी ठेवले आणि तिन्ही नावांवर पेन्सिलने गोल केला. मी ते ठराव घेऊन दोन महिने फिरत होतो, मला नाय दिसलं.

मग हिशोब. टँकरचा नियम माणशी रोज २० लिटर. ठरावात वाडी आणि शेजारचे दोन पाडे मिळून लोकसंख्या ४१२ लिहिलेली, म्हणजे ८,२४० लिटर, म्हणजे १० हजार लिटरचा टँकर एकच खेप. पण ती ४१२ जुनी, आता तिथे ५३० माणसं आहेत असं आमचा कार्यकर्ता छातीठोक सांगतो. ५३० धरली की १०,६०० लिटर होतात, म्हणजे दुसरी खेप द्यावीच लागते. आकड्यात ११८ चा फरक आणि तिकडे बायकांच्या रांगेत अख्ख्या टँकरचा फरक. ताई म्हणाल्या छातीठोक चालत नाय, घरवार यादी लावा, कुटुंबप्रमुखाची सही-अंगठा घ्या, ग्रामसेवकाचं प्रमाणित करा, मग ५३० लिहा. तोवर ४१२ वरच पाठवा म्हणजे एक खेप तरी चालू होईल, दुसरीचं पत्र मागाहून.

दुकानात कोपऱ्यात पाण्याचा जार असतो ना तो उलटा ठेवलेला, २० लिटरचा. तो बघून माझा हिशोब एकदम डोळ्यासमोर आला. एका माणसाचं दिवसाचं सगळं, पिणं, रांधणं, अंघोळ, धुणं, एवढं. जलजीवनमध्ये माणशी ५५ लिटर धरलेत, म्हणजे पावणेतीन जार. मोठ्या जनावराला टंचाईत ३५ लिटर धरतात, म्हणजे माणसापेक्षा म्हैस बरी. दुकानात तो जार दुपारी तीनपर्यंत संपतो, गिऱ्हाईकंच पिऊन टाकतात, त्याबद्दल काकांची कटकट चालूच असते.

बुधवारी जरा वैताग झाला, तो पण लिहितो नाहीतर सगळं कौतुकच वाटेल. आमच्या जुन्या पत्रांच्या फायली जुन्या फॉन्टमधल्या, इथे उघडल्या तर पडद्यावर नुसत्या किडामुंग्या. सरकारी काम सगळं युनिकोडमध्ये लागतं. ताईंकडे बदलायचं सॉफ्टवेअर आहे पण ते जोडाक्षरं खातं, 'प्रकल्पग्रस्त' चं काय झालं होतं ते इथे लिहिण्यासारखं नाय. दोन तास नुसतं दुरुस्तीत गेले आणि त्याचे पण पैसे लावले, पानाला १५. माझ्या मते लावायला नको होते. शिवाय प्रिंटवर डाव्या बाजूला बारीक काळी रेघ येते, टोनर बदला म्हटलं तर काका म्हणतात "मार्जिन समजा". आमदारांच्या लेटरहेडवर रेघ म्हणजे बरं दिसत नाय. तीन पानं परत काढायला लावली, ती मात्र फुकट दिली.

गुरुवार विजेचा. याच्यावर जरा जास्त लिहितो कारण इथे आमची अब्रू वाचली.

आमच्याकडे शेतकरी दोन प्रकारची कामं घेऊन येतात. एक, सौर पंप. मागेल त्याला सौर कृषी पंप, शेतकऱ्याने १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीला ५ टक्के, बाकी सरकारचं. अडीच एकरपर्यंत ३ अश्वशक्ती, पाच एकरपर्यंत ५, त्याच्या वर साडेसात. आता आमच्याकडे भातशेती, तुकडे तुकडे, बहुतेकांना ३ चाच पंप बसतो आणि मागतात सगळे ५ चा. साहेबांचं शिफारसपत्र आणलं की ५ चा मिळेल असं कोणीतरी उठवून दिलंय. नाय मिळत, ते सातबाऱ्यावरच्या क्षेत्रावर ठरतं, पण पत्र दिलं नाही तर माणूस नाराज. ताईंनी त्यावर मस्त तोड काढली, 'नियमानुसार अनुज्ञेय क्षमतेचा पंप प्राधान्याने मिळावा' असं वाक्य घातलं. माणूस पण खूश, नियम पण तुटला नाय. अर्थात पंप बसून मार्चमध्ये विहिरीने तळ दाखवला तर उन्हात ती पॅनल नुसती चकाकतात, ते दुखणं कुठल्या पत्रात बसत नाय.

दुसरं, सौर प्रकल्पाला जमीन. शेतीला दिवसा सौर वीज द्यायची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना, तिचा २०२३ चा दुसरा टप्पा आहे त्यात सबस्टेशनच्या जवळची जमीन भाड्याने घेतात. आमच्या एका गावच्या लोकांची वरकस जमीन आहे, काही पिकत नाय, त्यांना द्यायचीय. साहेबांनी सांगितलं, गावात सभा घेतोय, माहितीपत्रक काढ, माझ्या लेटरहेडवर, पाचशे प्रती. मी मजकूर नेला. ताई टाईप करता करता थांबल्या. हसल्या. "दादा, एकरी सव्वा लाख? मग मीच जमीन घेते की."

बघितलं तर मी 'हेक्टरी' च्या जागी 'एकरी' लिहिलेलं. दर आहे हेक्टरी १ लाख २५ हजार वर्षाला, त्यावर दरवर्षी ३ टक्के वाढ. एकराला पन्नास हजाराच्या थोडं वर येतं. म्हणजे मी अडीच पट भाडं आमदारांच्या सहीने पाचशे लोकांना कबूल केलं असतं! गावात एकदा आकडा गेला की तो परत येत नाय, पुढच्या निवडणुकीपर्यंत ऐकावं लागतं. नुसती टायपिस्ट असती तर जसंच्या तसं टाईप करून ४० रुपये घेतले असते, चूक माझी होती, तिचं काय जातंय. वर त्यांनीच विचारलं की ग्रामपंचायतीला तीन वर्षं दरसाल ५ लाख मिळतात ते का नाय लिहिलं, सरपंच तर तेच वाचायला येणार. घातलं.

तुम्हाला कसं माहिती एवढं विचारलं तर म्हणाल्या अठरा वर्षं लोकांचे अर्ज टाईप करतेय, जीआर बाहेर पडला की दुसऱ्या दिवशी तो इथे झेरॉक्सला येतो, वाचायला काय पैसे पडतात?

त्याच दिवशी चारला लाईट गेली. विजेचं पत्र टाईप होताना लाईट जाणार नाही तर कधी जाणार. इन्व्हर्टर आहे, पण त्याच्यावर कॉम्प्युटर चालतो, मोठं मशीन नाय चालत, म्हणून पाचशे प्रती तीन गल्ल्या पलीकडे काढून आणाव्या लागल्या. तिथे ताई नाहीत, पोरगा कानात इअरफोन घालून बसलेला, वीस प्रती तिरक्या आल्या.

पाणी आणि वीज एकत्र कसे अडकतात ते पण इथेच नीट समजलं. एका गावात जलजीवनची विहीर झाली, टाकी झाली, पाईप झाले, नळाला कोरडी तोटी. आम्ही समजत होतो ठेकेदाराने पळ काढला. ताईंनी फाईल उलटी चाळली, मागून पुढे, म्हणाल्या पंपघराच्या वीजजोडणीचं कोटेशन आहे, पैसे भरल्याची पावती कुठाय? पावती नव्हतीच. पंचायतीने भरलेच नव्हते. कुठली पंचायत ते राहू दे. योजनेची मुदत आधी २०२४ होती ती केंद्राने २०२८ पर्यंत वाढवली म्हणून अजून कोणी विचारायला आलं नाय एवढंच. साहेबांना फोन केला, ते पाच सेकंद गप्प, मग म्हणाले पत्र नको, सरपंचाला लाव फोन.

शुक्रवारी भात आणि आमदार निधी. निधीचं पटकन सांगतो, वर्षाला ५ कोटी, साहेब फक्त शिफारस करतात, मंजुरी कलेक्टरची, कामं अर्धी पेव्हर ब्लॉकची. विहिरीचा गाळ काढायचं एक काम होतं ते मी यादीत वर सरकवलं, साहेबांनी सही करताना बघितलं, काही बोलले नाहीत.

भाताचं किचकट. हमीभाव २०२५-२६ ला साध्या भाताला क्विंटलला २,३६९ रुपये, खरेदी आदिवासी विकास महामंडळाच्या केंद्रावर. ऑनलाइन नोंदणीला सातबारा आणि पीक पाहणी लागते. वनपट्टेवाला, म्हणजे ज्याला जंगलजमीन कसायचा हक्क मिळालाय तो, इथे अडकतो. पट्टा २००६ च्या वनहक्क कायद्याने मिळालाय, भात खळ्यावर आहे, पण त्याचं नाव सातबाऱ्यावर मालकाच्या रकान्यात नसतं, तिथे वन विभाग. असे बरेच जण साहेबांकडे आले होते. मग काय करतात, व्यापाऱ्याला मिळेल त्या भावाने घालतात, आणि पुढे बोनस जाहीर झाला की त्यातूनही बाहेर. २०२४-२५ च्या हंगामाला राज्याने हेक्टरी २० हजार दिले होते दोन हेक्टरपर्यंत, तेव्हा पण नोंदणी असलेल्यालाच मिळाले. यावर लक्षवेधी, म्हणजे विधानसभेत मंत्र्यांचं लक्ष वेधायची सूचना, टाकायची म्हणून मसुदा करायचा होता. मी दीड पान लिहून नेलेलं, 'बळीराजाच्या डोळ्यात अश्रू' वगैरे. ताईंनी अश्रू काढले. म्हणाल्या नियम १०५ खाली द्यायचंय ना, मग घटना काय, कुठे, कधी, शासनाने काय करावं, चार ओळी. शेवटी सहा ओळी झाल्या. साहेबांनी वाचून विचारलं हे कोणी लिहिलं. मी म्हटलं मीच. खोटं का बोलू, म्हटलं तसं.

आठवड्याचं बिल १,३४० झालं, पावती मागितली तर वहीतलं पान फाडून दिलं, शिक्का मारून. यूपीआय चालतं पण दुपारी नेटवर्क झोपतं, सुट्टे ठेवा. पेनड्राइव्ह देऊ नका, त्या कॉम्प्युटरला लागून माझ्या पेनड्राइव्हमध्ये शॉर्टकटचा व्हायरस आला, मेल करा. गाडी आणू नका, आणलीत तर लावायला जागा शोधण्यात काम राहील, स्टेशनवरून जांभळी नाक्यातून चालत दहा-पंधरा मिनिटं लागतात. वाटेत मामलेदारची मिसळ खाऊन गेलात तर दीड ते अडीचचा डब्याचा वेळ पण निघून जातो, मी तीन दिवस तेच केलं, चौथ्या दिवशी पोटाने नकार दिला. शनिवार-रविवार दुकान बंद, कलेक्टर ऑफिस बंद म्हणजे यांचं पण बंद. वही-पेन, बायोडेटा, कॉलेजचं प्रोजेक्ट असलं काही असेल तर इथे जाऊ नका, काका हाकलतात असं नाही पण तोंड वाकडं करतात. अर्ज, ठराव, प्रतिज्ञापत्र, अपील असलं काही असेल तर दुसरीकडे जाऊच नका.

टँकरची संयुक्त पाहणी शुक्रवारी दुपारी झाली, तहसीलची जीप वाडीत जाऊन आली, आदेश अजून निघायचाय. संध्याकाळी गावाहून घरवार यादी पण आली, ९४ कुटुंबं, शाळेच्या वहीच्या पानांवर निळ्या पेनाने लिहिलेली, निम्मी नावं सारखीच आणि तीन पानांवर अंगठ्याची शाई पुसटलीय. ताईंना फोन केला सोमवारी येतो म्हणून. म्हणाल्या दहाच्या आत या, नंतर लाईन लागते, आणि अंगठ्याचा मूळ कागद आणा, मोबाईलवरचा फोटो नको.